साहेबाचा खांब आणि रुमलीबाईचं आढं

माणसं गुडघ्याच्या ऑपरेशनआधी रक्त तपासून घेतात, विम्याचे कागद शोधतात, नातेवाइकांना फोन करतात. माझ्या सासऱ्यांनी ऑपरेशनआधी ब्रिटिश साम्राज्य बघून यायचं ठरवलं.

सासरे म्हणजे अप्पा. जन्मभर शहाद्याला शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्त झाल्यावर तोच घरात शिकवायला घेतला. मी नोकरीसाठी नाशिकला असते. ऑपरेशनच्या वेळी सासूबाईंना मदत म्हणून मे महिन्यात सुट्टी काढून शहाद्याला आले, तर दुसऱ्याच दिवशी नाश्त्याच्या वेळी अप्पांनी जाहीर केलं की त्यांना मोलगीच्या पुढे डोंगरात जायचंय. तिथल्या एका गावात त्यांची पहिली नेमणूक होती. गावामागच्या टेकडीवर कोणा इंग्रज मोजणीसाहेबाने बांधलेला दगडी खांब होता आणि तो त्यांना पुन्हा बघायचा होता. नवीन गुडघा बसल्यावर टेकड्या बंद, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं.

सासूबाईंनी चहाचा कप ठेवला. "पायऱ्या चढू नका म्हने डाक्टर, आनि तुम्ही डोंगर चढाले निंघनात. येडं लागनं का?"

"प्रश्न चढण्याचा नाही," अप्पा त्यांच्या शाळेच्या मराठीत म्हणाले. घरात सगळे अहिराणी बोलत असले तरी अप्पा पुस्तकी मराठी सोडत नाहीत. "तो साहेब तिथे फार तर एक हिवाळा राहिला असेल. खांब ठेवून गेला. मी तीन वर्षं राहिलो. माझं तिथे काय आहे?"

हे त्यांनी साध्या आवाजात म्हटलं, म्हणून मला ते लागलं. शहाद्यात अजून लोक त्यांच्या पाया पडतात, पण पाया पडून सरळ होता होता केळीचा भाव विचारतात. मी नवऱ्याला फोन केला. "तू आहेस ना तिथे, मग झालं," असं म्हणून त्याने दुरूनच कारभार माझ्यावर सोपवला. मोठमोठी साम्राज्यं अशीच चालायची म्हणतात.

आता प्रवासाचं सांगते, कारण तुमच्यापैकी कोणाला जायचं असेल. शहाद्याहून तळोद्यामार्गे अक्कलकुव्याला एसटी मिळते. पहिली धरा. नऊनंतर उन्हाने पत्रा इतका तापतो की खिडकीला कोपर टेकवता येत नाही. स्टँडवर गर्दी कायम असते, तेव्हा खिडकीतून रुमाल टाकायची लाज बाळगू नका. आम्ही रुमाल टाकला, जागा मिळवली, आणि बसल्या बसल्या अप्पांनी हजेरी घेतली.

ही हजेरी समजावून सांगायला हवी. अप्पा जेवायला बसताना, गाडीत बसताना, लग्नाच्या मांडवातसुद्धा हजेरी घेतात. ते नाव पुकारणार आणि आपण डावा पाय आपटून "हजर, गुरुजी" म्हणायचं. पाय कशाला, तर नुसत्या तोंडाने माणूस हजर होत नाही, असं त्यांचं मत. ही पद्धत त्यांची स्वतःची. दुसऱ्या कुठल्या शाळेत मी ती पाहिलेली नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा उंबरठ्यावरचं माप ओलांडलं आणि लगेच पाय आपटून हजेरी दिली होती. तर एसटीतही दिली. कंडक्टरला वाटलं माझ्या पायाखाली काहीतरी वळवळलं.

शहाद्यापासून तळोद्यापर्यंत दोन्ही बाजूंना केळी आणि ऊस, आणि मध्ये अप्पांचं व्याख्यान. साम्राज्य तलवारीने मिळतं पण मोजणीने टिकतं, हा त्यांचा आवडता सिद्धांत. आधी जमीन मोजायची, मग झाडं, मग माणसं. मोजलेली वस्तू हळूहळू मोजणाऱ्याची होते. "खानदेशात किती आले बघ. अहिर आले, फारुकी आले, मोगल, मराठे, इंग्रज. प्रत्येकाने आधी मोजलं."

"आणि आपण, अप्पा? आपल्या शेतावर आपल्या आधी कोण होतं?"

अप्पांनी खिडकीबाहेर पाहिलं. "यंदा केळीला वाऱ्याने मार बसलाय," ते म्हणाले. हा विषय पुढे वाढला नाही.

मागच्या सीटवर एक बाई मांडीवर कोंबडीची टोपली घेऊन हे सगळं ऐकत होती. इंग्रजांनी जंगल कसं ताब्यात घेतलं यावर अप्पांचा आवाज चढला तेव्हा ती पुढे वाकून म्हणाली, "मास्तर, इंग्रज तं ग्यात ना? मंग तुम्ही आते कसाले तपी ऱ्हायनात?" सगळी बस हसली. अप्पा तळोदा येईपर्यंत गप्प राहिले, म्हणून त्या बाईचे मी इथे आभार मानते.

अक्कलकुव्याला उतरून खमण खाल्लं. गुजरात हाकेच्या अंतरावर असल्याने ते इथे चांगलंच मिळतं. अप्पांनी दोन बशा संपवल्या आणि तोफ न डागता पसरलेलं हे एकमेव साम्राज्य, असा दाखला दिला. पुढे डोंगरात जायला जीप लागते. भाडं आधी ठरवा, आणि माणसं किती बसणार हेही ठरवा, कारण वाटेत प्रवासी वाढत जातात. आमच्या ड्रायव्हरचं नाव दिलीप. तो खापरचा. मोलगीचा रस्ता एकीकडे आणि खापर दुसरीकडे, तरी त्याने जीप आधी खापरला नेली, कारण चहा तो गावातलाच पितो.

"आम्हना गावमा सकाळे मराठी, दुपारे गुजराती आनि उधारी मांगाले हिंदी," तो म्हणाला. "गिऱ्हाईक जसं, तशी बोली. तुम्ही कोनती बोली बोली ऱ्हायनात, अप्पा? रेडिओ ऐकस असं वाटस."

अप्पा म्हणाले, "ही प्रमाण मराठी आहे." दिलीप बराच वेळ आदराने गप्प राहिला.

मोलगीचा घाट मात्र बघण्यासारखा आहे. मे महिन्यात डोंगर उघडेबोडके आणि मधूनच एखादं हिरवंगार आंब्याचं किंवा मोहाचं झाड. वळणावळणावर अंगणात आमचुरासाठी कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या, त्यामुळे जीपमध्येही आंबट वास येतो आणि विनाकारण भूक लागते. मोलगीला त्या दिवशी बाजार होता. डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बायका ओळीने उतरत होत्या आणि एकेका जीपला इतकी माणसं लटकलेली की आतली जीप दिसत नव्हती. मी आमचूर घेतलं. शहाद्याच्या दुकानातल्या आमचुराला तोंड दाखवायला जागा राहू नये असं आहे.

मोलगीच्या पुढे रस्ता आहे, म्हणजे आहे असं म्हणतात. तो जिथे संपला तिथे दिलीपने जीप सावलीत लावली आणि आम्ही पायवाटेला लागलो. चढ फार नव्हता, पण अप्पांची प्रमाण मराठी तिथेच संपली. पहिल्या उतरणीला गुडघ्यातून कळ गेली आणि ते म्हणाले, "ओ माय वं, मरी गऊ." पुढच्या दगडाला परत तेच. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून ऐकलेली ही पहिली अहिराणी. मला हसू आवरेना, त्यांनाही आवरेना, आणि एकमेकांना धरून हसत आम्ही गावात पोचलो.

गाव म्हणजे लांब लांब विखुरलेली घरं. पहिल्याच घराच्या अंगणात निम्मं गाव जमलेलं दिसलं. मला वाटलं लग्न आहे. दिलीप म्हणाला, लाहा आहे. लाहा म्हणजे असं की कोणाचं घर उभारायचं असेल, शेत निंदायचं असेल, तर तो गावाला बोलावतो. सगळे येतात, काम करतात आणि त्याच्याकडे जेवतात. मजुरी नाही. उद्या दुसऱ्याची लाहा असली की यानेही जायचं. त्या दिवशी रुमलीबाई नावाच्या बाईचं घर नव्याने उभं राहत होतं. खांब रोवून झाले होते. त्यांच्यावर टेकायचं छपराचं आढं, जुनं सागाचं, चांगलं पाचसहा माणसांच्या वजनाचं, अंगणात आडवं पडलं होतं.

आणि लाहेच्या अंगणात पाय ठेवला की तुम्ही पाहुणे राहत नाही, हे मला अनुभवाने कळलं. रुमलीबाईने माझ्याकडे एकदा पाहिलं, काहीतरी म्हणाली आणि माझ्या हातात पाटा-वरवंटा आला. लसूण आणि मिरची. मी ऑफिसात ज्या खुर्चीत बसते तिला उंची कमीजास्त करायचा दांडा आहे, हे मला तेव्हा उगीच आठवलं. अप्पांचा पाय बघून त्यांना मात्र जोत्याच्या दगडावर बसवलं. शेजारी जात्र्याबाबा नावाचे साठीचे गृहस्थ कौलं निवडत बसले होते. त्यांनी चारसहा कौलं अप्पांच्या पुढ्यात सारली.

"फुटकं तिकडं टाक, चांगलं इकडं ठेव," ते म्हणाले. "तू कोण गावचा?"

त्या बोलीत सगळ्यांनाच तू म्हणतात, कलेक्टरलाही. पण शहाद्यात अप्पांना तू म्हणणारं माणूस आता उरलेलं नाही. त्यांनी निमूटपणे कौल उचललं. थोड्या वेळाने त्यांनी टेकडीकडे हात करून खांबाचं विचारलं. वर जायला वाट आहे का अजून?

"वर कायला जातो? तू बसलाय ना त्याच्यावर," जात्र्याबाबा म्हणाले.

"कशावर?"

"खांबावर."

अप्पा उठले. खाली घडीव दगड होते, त्यातल्या एकावर छिन्नीने बाणासारखी खूण कोरलेली. रुमलीबाईच्या सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा वरचे दगड फुकट पडलेत म्हणून लाहा करून खाली आणले आणि जोतं बांधलं. साहेबाच्या बाणावर एक कोंबडी येऊन बसली आणि बराच वेळ उठली नाही. मला वाटलं अप्पा निराश होतील. ते तसे झालेही. टेकडीच्या उघड्या माथ्याकडे बघत परत खाली बसले. ज्याच्या बरोबरीने स्वतःला तोलायचं म्हणून एवढे आले, तो खांबच नव्हता.

जात्र्याबाबांना गप्पा हव्या होत्या. "साहेब आला, डोंगर मोजला, गेला. मग फॉरेस्टवाला आला, झाडं मोजली. मग मी लहान होतो तेव्हा एक मास्तर आला, तो पोरं मोजायचा. रोज. आमच्या पाड्यावर यायचा पोरं न्यायला. मी झाडावर बसायचो. एकदा पण नाही सापडलो त्याला." हे सांगताना त्यांची मान ताठ झाली होती.

अप्पांच्या हातातलं कौल हातातच राहिलं. "नाव काय होतं त्याचं?"

"नाव कोण विचारेल? मोजणारा मास्तर. त्याच्या मागून आला तो चांगला होता. ढोल मस्त वाजवायचा."

मी पाट्यावर मान खाली घालून वरवंटा फिरवत राहिले. अप्पांच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस झालं नाही.

तेवढ्यात आढं उचलायची वेळ झाली. दोन्ही टोकांना दोर, मध्ये खांदे. पुढे रुमलीबाईचा भाऊ वेस्ता, पस्तिशीचा, छातीत भरपूर आवाज असलेला. सगळ्यांनी जागा घेतल्या. वेस्ताने वर पाहिलं आणि आरोळी दिली, "हजऽऽर!"

सगळ्यांनी एकदम डावा पाय आपटला. धूळ उडाली. "गुरुजी!" म्हणत एका दमात जोर लावला आणि आढं जमिनीवरून सुटलं.

माझा वरवंटा थांबला. पुन्हा "हजऽऽर!", पुन्हा डावे पाय, पुन्हा "गुरुजी!". म्हातारे, तरुण, ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं असेल ते आणि नसेल ते, सगळे. आढं कमरेपर्यंत आलं, मग मधल्या लाकडी घोडीवर टेकवून माणसं दम घ्यायला थांबली. अप्पा उभे होते. हातातलं कौल त्यांनी जोत्यावर ठेवलं होतं.

मी पाट्यावरून उठून वेस्ताकडे गेले आणि विचारलं, हे असं कधीपासून म्हणता?

"जुनं आहे. आमच्या बापदादापासून," तो घाम पुसत म्हणाला.

"आणि गुरुजी म्हणजे कोण?"

वेस्ताने शेजारच्याकडे पाहिलं. दोघांनी त्यांच्या बोलीत थोडा खल केला. "देव राहील एखादा," तो म्हणाला. "जोरवाला. त्याचं नाव नाही घेतलं तर लाकूड हलत नाही."

मी तोंड उघडलं. सांगणारच होते. तो तुमचा देव तिथे फुटकी कौलं वेगळी करतोय, हे वाक्य जिभेवर होतं. अप्पा कधी जवळ आले कळलं नाही. त्यांनी माझं मनगट धरलं, चांगलं दुखेल इतकं, आणि मान हलवली. नाही.

मग ते लंगडत गेले आणि दोराच्या शेवटी, दोन माणसांच्या मध्ये उभे राहिले. वेस्ता म्हणाला, "बाबा, तू राहू दे." अप्पांनी ऐकलं नाही. दोर धरला.

"हजऽऽर!"

गुडघ्याचं ऑपरेशन पाच दिवसांवर आलेल्या माणसाने डावा पाय जमिनीवर आपटला आणि सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून "गुरुजी!" म्हणून ओरडला. जन्मभर दुसऱ्यांकडून म्हणवून घेतलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा स्वतः म्हटलं. आढं वर चढलं आणि खाचेत बसलं. बायकांनी आरोळ्या दिल्या. मला रडू आलं, ते मी मिरचीवर ढकललं.

जेवायला मक्याची भाकर, उडदाची घट्ट डाळ आणि मी वाटलेली चटणी. चटणीला कोणी काही म्हणालं नाही, पण संपली. जात्र्याबाबांनी अप्पांच्या पानात स्वतःच्या हाताने दुसऱ्यांदा डाळ वाढली आणि म्हणाले, "तू कामाचा आहेस. परत ये." लपून बसलेल्या पोराला शेवटी मास्तर सापडला होता, आणि दोघांपैकी एकालाच ते माहीत होतं.

परतीच्या वाटेवर मी चिडले होते. "का नाही सांगू दिलंत? त्यासाठीच तर आलो होतो ना आपण?"

अप्पांनी माझा खांदा धरून एक दगड ओलांडला. मग म्हणाले की त्या तीन वर्षांत वर्गात कोणी आपल्या बोलीत शब्द काढला तर ते त्याला उभं करायचे. हजर हा शब्दसुद्धा पोरांच्या घरातला नव्हता, तो त्यांनी बाहेरून नेऊन लादला. "मोजणाराच होतो गं मी. जात्र्या खोटं नाही बोलला. पण पोरांनी त्या हजेरीचं काय केलं ते पाहिलंस? माणसं मोजायला म्हणून मी हजेरी लावली, त्यांनी ती ओझं उचलायला घेतली. आता ती त्यांची आहे. मी नाव सांगितलं असतं तर दोर सोडून पाया पडत बसले असते सगळे."

"तरी पण, अप्पा."

पाय ठेचकाळला. "ओ माय वं," ते कळवळले आणि मग तसेच अहिराणीतच म्हणाले, "मी तठे देव व्हयी गऊ, आते परत मास्तर कसाले व्हऊ?"

अक्कलकुव्याहून शेवटची एसटी मिळाली. घरी पोचल्यावर सासूबाईंनी सुजलेला गुडघा पाहिला आणि आम्हा दोघांना अहिराणीत जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. त्यांनी विचारलं, खांब सापडला का? अप्पा म्हणाले, दगड चांगले आहेत, कोंबड्या बसतात. डॉक्टर सूज बघून रागावले आणि ऑपरेशन आठवडाभर पुढे गेलं. ते आता नीट पार पडलंय. अप्पा वॉकर घेऊन ओसरीभर फिरतात, आणि आल्यागेल्याला साम्राज्यांविषयी सांगतात, पण त्यांचा मोजणीचा सिद्धांत जरा डळमळीत झालाय. कोणी मुद्दा ओढला तर "लोक काय करतील सांगता येत नाही" असं म्हणून थांबतात. पूर्वी ते कधी थांबत नसत.

मला त्या दिवसापासून एक गोष्ट सतावते. खांब बांधणाऱ्या साहेबालाही आपलं काहीतरी राहावं असं वाटलं असेल. त्याने दगड निवडला आणि खूण कोरली. अप्पांनी काहीच राहावं म्हणून केलं नव्हतं, शिस्त लागावी म्हणून केलं होतं, आणि शिस्त लागली नाहीच. जे राहिलं ते लोकांनी ठेवून घेतलं म्हणून राहिलं. ते चांगलं झालं की वाईट, हे ठरवायचा हक्क आम्हा शहाद्याच्या लोकांना नाही, एवढं मला कळलं. आमच्या शेतांवर आधी कोण होतं, हेही कधीतरी बोलायला हवं. अप्पा वॉकरशिवाय चालायला लागले की बोलेन.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही, तेव्हा कमेंटमध्ये विचारू नका. मोलगीच्या पुढे गेलात आणि कुठे अंगणात माणसं जमलेली दिसली तर चपला काढून ठेवा, कारण तुम्हालाही कामाला लावतील. आढं उचलताना आरोळी झाली की डावा पाय आपटा आणि सगळ्यांबरोबर म्हणा. गुरुजी कोण, हे आता तुम्हाला माहीत आहे. तिथे सांगू नका.